संगणकछंद, कुमारवयीनांचा

व्यवसाय, पदवी किंवा परीक्षा यांचा हेतू न ठेवता कुमारवयीन मुलामुलींनी संगणकाची रचना, त्याचे कार्य आणि आज्ञावलीलेखन यांत घेतलेल्या रसास संगणकछंद असे म्हणता येईल. साधारणपणे तेरा ते एकोणीस वर्षे हा या छंदाचा काळ होय. एखादे काम क्रमाक्रमाने कसे करावे, हे संगणकाला त्याच्या भाषेत सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात [→ संगणक]. आज्ञावली वापरणे आणि आज्ञावली लिहिणे या दोन भिन्न क्रिया असून त्यांतील फरक हाच या छंदाचा गाभा आहे. महाराष्ट्रातील या छंदाचा इतिहास पाहता असे दिसते, की संगणकांची संख्या जसजशी वाढत गेली तसतसा त्यांचा वापर सार्वत्रिक झाला; आज्ञावली लिहिण्याची संधी मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. यंत्र उघडून पाहण्याची, चुका करण्याची आणि पुन्हा प्रयत्न करण्याची मोकळीक मुलांना जेथे मिळाली, तेथे हा छंद रुजला.

स्वरूप : वापर आणि छंद यांतील फरक रोजच्या व्यवहारातील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गावातील दूध संकलन केंद्रावर दुधाचा नमुना तपासणी यंत्रात घातला, की फॅट व एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ, यांचे आकडे उमटतात. संगणक त्यांची दरपत्रकाशी सांगड घालतो आणि लिटरचा भाव व एकूण रक्कम छापलेली पावती बाहेर येते. दूध घालणारा शेतकरी पावती घेऊन घरी जातो. हा वापर झाला. संगणकाचा छंद असलेल्या मुलाला ही रक्कम कोणत्या नियमाने आली, असा प्रश्न पडतो. गाईच्या दुधासाठी फॅट ३.५ व एसएनएफ ८.५ हे आधारमान धरले, तर त्या गुणवत्तेला मूळ दर द्यावयाचा आणि फॅट वा एसएनएफ ०.१ ने घटल्यास ठरलेले पैसे वजा करावयाचे, एवढाच तो नियम असतो. तो चार-सहा ओळींत लिहिता येतो. मुलाने तो लिहिला व पावतीशी ताडून पाहिला, म्हणजे पावती ही त्याच्या दृष्टीने गूढ वस्तू राहत नाही. यंत्राने सांगितलेले खरे असते, या समजुतीच्या जागी यंत्राने दिलेले उत्तर तपासता येते, ही जाणीव निर्माण होते. छंदाचे शैक्षणिक व सामाजिक महत्त्व या जाणिवेत आहे.

पार्श्वभूमी : १९६० च्या सुमारास संगणक हे मोठ्या संस्थांच्या वातानुकूलित दालनांत राहणारे यंत्र होते आणि त्याच्याशी तज्ञांचाच संबंध येत असे. ही स्थिती बदलण्यास अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात झालेले कार्य पुष्कळ अंशी कारणीभूत ठरले. तेथील गणितज्ञ जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ साली ‘बेसिक’ ही सोपी संगणक-भाषा तयार केली. एकाच संगणकाचा वेळ अनेकांमध्ये वाटून देणाऱ्या कालविभाजन पद्धतीमुळे विद्यार्थी दूरमुद्रकापुढे बसून आज्ञा टंकलिखित करू लागले आणि त्यांना तत्काळ उत्तर मिळू लागले. १९६८ साली सीॲटल येथील लेकसाइड या शाळेत असा दूरमुद्रक बसविण्यात आला. त्यासाठी लागणारा पैसा विद्यार्थ्यांच्या मातांच्या मंडळाने जुन्या वस्तूंची विक्री करून उभारला होता. बिल गेट्स व पॉल ॲलन हे त्या शाळेचे विद्यार्थी होत. गेट्स यांनी तेथे तेराव्या वर्षी पहिली आज्ञावली लिहिली.

लहान मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा १९६७ साली निर्माण झाली. वॉली फॉइर्झिग, सेमूर पॅपर्ट व सिंथिया सॉलोमन हे तिचे जनक होत. पडद्यावरील ‘कासवा’ला पुढे जा, वळ अशा आज्ञा देऊन मूल त्याच्याकडून चौकोन वा वर्तुळ काढून घेते. पॅपर्ट यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या माइंडस्टॉर्म्स या ग्रंथात अशी भूमिका मांडली, की संगणकाने मुलाला शिकविण्याऐवजी मुलाने संगणकाला शिकवावे. आज्ञावलीतील दोष शोधून दुरुस्त करताना मूल स्वतःच्या विचारातील दोषही शोधू लागते, असे त्यांचे मत होते. या भूमिकेचा पुढील शालेय प्रयोगांवर मोठा प्रभाव पडला.

१९७७ नंतर सूक्ष्मप्रक्रियकावर आधारलेले घरगुती संगणक बाजारात आले. ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो (१९८१) व झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) हे त्यांपैकी प्रसिद्ध होत. हे संगणक सुरू करताच पडद्यावर बेसिक भाषेची आज्ञा स्वीकारण्यास सिद्ध असलेली रिकामी ओळ दिसे. त्यामुळे खेळ खेळण्यासाठी यंत्र लावणाऱ्या मुलासही निदान एक आज्ञा लिहावीच लागे. लिनक्स या संगणक प्रणालीचे जनक फिनलंडचे लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आज्ञावलीलेखनाचे पहिले धडे आजोबांच्या कमोडोर व्हीआयसी-२० या अशाच यंत्रावर घेतले.

महाराष्ट्रातील आरंभ : महाराष्ट्रात संगणकाचे युग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झाले. तेथे रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय बनावटीचा पहिला अंकीय संगणक उभारण्यात आला. त्याची प्राथमिक प्रतिकृती १९५६ साली व पूर्ण यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले. १९६२ साली जवाहरलाल नेहरू यांनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. निर्वात नलिकांवर चालणाऱ्या या यंत्राच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. १९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला आणि देशातील अनेक संस्था त्याचा उपयोग करू लागल्या.

या काळात आज्ञावली कागदावर लिहून ती छिद्रित पत्रांवर, म्हणजे पंच कार्डांवर, उतरविली जाई. पत्रांचा गठ्ठा संगणक केंद्राच्या खिडकीत दिला, की काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी छापील निष्कर्ष हाती येत असे. एखादा स्वल्पविराम चुकला, तरी सर्व खटाटोप पुन्हा करावा लागे. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी याच मार्गाने फोर्ट्रान भाषा शिकले. या पद्धतीने एक शिस्त मात्र लागली : यंत्र हाती नसताना आज्ञावली मनात चालवून पाहण्याची सवय त्या पिढीला जडली. शाळेतील मुलास या दालनात प्रवेश नव्हता. संगणकाविषयीचे त्याचे ज्ञान वृत्तपत्रांतील व नियतकालिकांतील लेखांपुरते सीमित राहिले.

शालेय संगणक : केंद्र शासनाने नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर करून आयात व उत्पादन यांवरील बंधने सैल केली. त्याच सुमारास शिक्षण मंत्रालय व इलेक्ट्रॉनिकी विभाग यांनी संयुक्तपणे शालेय संगणक साक्षरता व अभ्यास प्रकल्प (क्लास) सुरू केला. प्रारंभी सु. २५० शाळांना व पुढे टप्प्याटप्प्याने दोन हजारांवर शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. महाराष्ट्रातील निवडक शाळांचाही त्यांत समावेश होता. या यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट एवढी होती. पडदा म्हणून दूरचित्रवाणी संच, तर आज्ञावल्या साठविण्यासाठी ध्वनिफितीची कॅसेटही वापरता येई.

याच दशकात काही मध्यमवर्गीय घरांतही संगणक पोहोचला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ साली स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती विक्रीस आणली. तिच्या कळफलकावरील बहुतेक कळींवर बेसिकमधील आज्ञाशब्द छापलेले असत. मुले नियतकालिकांतील आज्ञावल्या ओळीमागून ओळ उतरवून घेत. उतरविताना चूक झाली म्हणजे आज्ञावली चालत नसे. ती चालावी म्हणून ओळीचा अर्थ समजून घ्यावा लागे. वीज गेली व कॅसेटवर साठविण्याचे राहून गेले असल्यास सर्व श्रम वाया जात. अशा अडचणींतून अनेकांचे पहिले शिक्षण झाले.

क्लास प्रकल्पाला अपेक्षित यश लाभले नाही. शिक्षकांचे प्रशिक्षण अल्पकालीन होते, साहित्य बहुतांशी इंग्रजीत होते आणि नादुरुस्त यंत्र वेळेवर दुरुस्त होण्याची सोय नव्हती. महागडी वस्तू बिघडेल या भीतीने संगणक कुलपात ठेवण्याची प्रवृत्तीही आढळली. विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्यातून थोडा वेळ येई, तोही इतरांच्या खांद्यावरून पाहण्यात जाई. तथापि ज्या शाळांत एखाद्या शिक्षकाने शाळा सुटल्यानंतर यंत्र मुलांच्या हाती सोपविले, तेथे हेच साधन पुरेसे ठरले.

वापराचा प्रसार : १९९० नंतर आयबीएम पद्धतीचे व्यक्तिगत संगणक सर्वत्र रूढ झाले. डॉस प्रणालीसोबत बेसिक भाषा मिळत असे. विंडोज प्रणालीच्या पुढील आवृत्त्यांतून ती वगळली गेली. पडद्यावरील रिकाम्या ओळीची जागा चित्रांकित खुणांनी घेतली. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने आंतरजालाची सेवा सर्वसामान्यांना खुली केली आणि शहरांत सायबर कॅफे उघडले. संगणक हाताळणे सोपे झाले व त्याची गरजही वाढली.

२००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा माहिती तंत्रज्ञान साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केला. तालुक्याच्या गावांपर्यंत पसरलेल्या केंद्रांतून लक्षावधी लोकांनी तो पूर्ण केला. शासकीय नोकरीसाठी तो आवश्यक ठरल्याने त्याला वेगळे महत्त्व आले. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास, गृहिणीस व शासकीय कर्मचाऱ्यास संगणकाची भीती वाटेनाशी झाली, हे या अभ्यासक्रमाचे मोठे कार्य होय. त्याचा भर मात्र पत्रलेखन, तक्ते, सादरीकरण व आंतरजाल यांच्या वापरावर होता. आज्ञावलीलेखनाचे पद्धतशीर शिक्षण उच्च माध्यमिक स्तरावरील द्विलक्षी अभ्यासक्रमातील संगणकशास्त्र या विषयात मिळे. त्यात सी++ भाषा, तसेच ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकाचे कार्य शिकविले जाई. प्रवेशाच्या मर्यादित जागा आणि अभियांत्रिकी प्रवेशाची स्पर्धा यांमुळे तो विषय अनेकांनी छंदापेक्षा गुणांसाठी घेतला.

आज्ञावली लिहिणारी मुले कमी होत असल्याची चिंता अन्यत्रही व्यक्त झाली. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राच्या प्रवेशासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचा पूर्वानुभव घटत असल्याचे एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. घरगुती संगणकांचा लोप हे त्याचे एक कारण त्यांनी मानले. मुलांना बिनधास्त हाताळता येईल असा, केवळ एका पाटीवर मावणारा स्वस्त संगणक तयार करावा, या विचारातून २०१२ साली ‘रास्पबेरी पाय’ बाजारात आला.

करून शिकण्याचे प्रयोग : महाराष्ट्रात या दिशेने झालेल्या प्रयत्नांत पाबळ (ता. शिरूर, जि. पुणे) येथील विज्ञान आश्रमाचे स्थान विशेष आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ साली या अवर्षणप्रवण गावात तो स्थापन केला. हाताने काम करताना बुद्धीचा विकास होतो, हे त्यांच्या शिक्षणविचाराचे सूत्र होते. शाळा सोडलेल्या ग्रामीण तरुणांना येथे लोहारकाम, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन व अन्नप्रक्रिया यांचे एकत्रित शिक्षण देण्यात येऊ लागले आणि शिकलेले काम गावाची सेवा म्हणून करण्याची प्रथा पडली. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेचे नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ साली पाबळ येथे ‘फॅब लॅब’ ही संगणकनियंत्रित निर्मितीशाळा उभी राहिली. अमेरिकेबाहेरील अशा पहिल्या निर्मितीशाळांत तिची गणना होते. दुधाची प्रत तपासणारी व शेतीच्या डिझेल एंजिनाची कार्यक्षमता मोजणारी साधने स्थानिक पातळीवर तयार करणे, हे तेथील प्रारंभीच्या कामाचे विषय होते. आज्ञावली हा येथे स्वतंत्र विषय नसून गावातील एखादी अडचण दूर करणाऱ्या वस्तूचा एक भाग असतो. पान्हा, सोल्डरिंगची कांडी व आज्ञावली ही एकाच पेटीतील हत्यारे ठरतात.

दुसरा प्रयोग सुगत मित्रा यांचा होय. त्यांनी २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतील कालकाजी येथे कचेरीच्या भिंतीत भोक पाडून वस्तीतील मुलांसाठी संगणक बसविला. पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काही गावांतही अशी केंद्रे उघडण्यात आली. शिक्षकाशिवाय मुले परस्परांच्या साहाय्याने संगणक हाताळण्यास शिकतात, असा निष्कर्ष मित्रा यांनी काढला. टीकाकारांनी मात्र असे दाखवून दिले, की कुणी मार्गदर्शक नसल्यास मुलांची प्रगती बहुधा खेळ व चित्रे यांपाशी थांबते आणि धीट मुले मुलींना व लहानांना मागे सारतात.

तिसरा प्रयोग खैरात (ता. कर्जत, जि. रायगड) या लहान वस्तीतील एकशिक्षकी शाळेत २००७ साली झाला. ‘प्रत्येक मुलाला एक संगणक’ या जागतिक योजनेतील भारतातील हा आरंभीचा प्रयोग होता. तेथे दिलेला एक्सओ हा हिरवा-पांढरा संगणक प्राथमिक शाळेच्या वयासाठी बनविला होता. त्यात कासवाला आज्ञा देण्याची व पायथॉन भाषा शिकण्याची सोय होती. चालू असलेली आज्ञावली उघडून तिचा मजकूर पाहता यावा, म्हणून कळफलकावर स्वतंत्र कळ योजिली होती. वापरणारा आज ना उद्या घडविणारा व्हावा, हा हेतू एका कळीच्या रूपाने यंत्रातच बसविलेला होता, हे या संगणकाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

स्पर्धा व शिकवण्या : आंतरराष्ट्रीय संगणकविद्या ऑलिंपियाड १९८९ साली बल्गेरियात सुरू झाले. भारतीय संघ त्यात २००२ पासून भाग घेत आहे. भारतातील निवडीची पहिली विभागीय परीक्षा कागद-पेन्सिलीवर होत असे व तीत कोणत्याही संगणक-भाषेचे ज्ञान गृहीत धरलेले नव्हते. कोडी सोडविताना विद्यार्थी पायरीपायरीने विचार करतो की नाही, एवढेच पाहिले जाई. ज्या शाळेत संगणक नाही, तेथील मुलासही खुली असलेली ही वाट ग्रामीण भागात फारशी ठाऊक झाली नाही. मुंबईतील डायरेक्टी या कंपनीने २००९ साली ‘कोडशेफ’ ही आज्ञावलीलेखनाची खुली स्पर्धा सुरू केली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावीपासून आज्ञावलीलेखनाचे उपक्रम सुचविण्यात आले. त्याच वर्षी टाळेबंदीमुळे शाळा बंद असताना लहान मुलांसाठी आज्ञावलीलेखनाच्या खाजगी शिकवण्यांचा सुळसुळाट झाला. मोठ्या पगाराची स्वप्ने दाखविणाऱ्या काही जाहिराती भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर मागे घ्याव्या लागल्या. ज्या छंदाचे मूल्य निर्हेतुक कुतूहलात होते, तो पालकांच्या चिंतेचा व खर्चाचा विषय बनला.

दृष्टिकोन : रोजच्या तंत्रज्ञानाकडे पाहण्याची संगणकछंदिष्ट कुमारांची दृष्टी काही बाबतींत इतरांहून वेगळी असते. पहिली बाब म्हणजे मालकीची कल्पना. जे उघडता, बदलता व दुरुस्त करता येते तेच आपले, असे या मुलांना वाटते. पाठीमागचे झाकण चिकटवून बंद केलेला भ्रमणध्वनी त्यांना खटकतो आणि टाकून दिलेला जुना संगणक मोलाचा वाटतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केलेल्या मुक्त आज्ञावली चळवळीकडे व लिनक्सकडे अनेक मुले याच भावनेतून वळली. दुसरी बाब भाषेच्या निवडीची. पहिली संगणक-भाषा कोणती असावी, हा वाद या वर्तुळात कायम चालतो. डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली बेसिकवर कठोर टीका करून तिच्यामुळे विद्यार्थ्याच्या विचारांना कायमचे वाईट वळण लागते, असे म्हटले होते. बेसिकपासून प्रारंभ करून उत्तम आज्ञावलीकार झालेल्यांची संख्या पाहता हे मत टोकाचे ठरते. तथापि पसरट व अव्यवस्थित लेखनाविषयीचा त्यांचा इशारा रास्त होता. बेसिकचे हे स्थान नंतर बव्हंशी पायथॉनने घेतले. तिसरी बाब म्हणजे कामापेक्षा साधन मोठे करण्याची हौस. दोन मिनिटांच्या बेरजेसाठी दोन दिवस आज्ञावली लिहिणारा मुलगा घरच्यांना वेळ वाया घालविणारा वाटतो. त्या दोन दिवसांत त्याने बेरजेपेक्षा अधिक काही शिकलेले असते, हे बहुधा पुढे लक्षात येते.

छंदाची उणी बाजूही नोंदविली पाहिजे. एकलकोंडेपणा, झोपेची हेळसांड, यंत्राच्या काटेकोरपणाची माणसांकडून अपेक्षा आणि दुसऱ्याच्या यंत्रात शिरण्याचे आकर्षण हे दोष या वयात आढळतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार दुसऱ्याच्या संगणकात अनधिकृत प्रवेश करणे भारतात दंडनीय आहे.

भाषेचा प्रश्न : मराठी मुलापुढे आणखी एक पायरी असते. संगणक-भाषांचे आज्ञाशब्द व त्यांवरील बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. देवनागरी लिपी संगणकावर आणण्याच्या कार्यात पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राचा (सीडॅक, स्थापना १९८८) मोठा वाटा आहे. त्याच्या जिस्ट तंत्रामुळे व १९९१ च्या भारतीय मानक संकेतामुळे व्यक्तिगत संगणकावर भारतीय लिप्या वापरता आल्या. पुढे युनिकोड या जागतिक संकेताचा प्रसार होऊन ठिकठिकाणच्या टंकांतील विसंगती कमी झाली. पायथॉनच्या २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरी नावे देता येतात. ‘दर’, ‘फॅट’, ‘रक्कम’ अशा नावांनी लिहिलेली आज्ञावली यंत्र विनातक्रार चालविते. भारतीय तंत्रविद्या संस्था, मुंबई यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त आज्ञावल्यांचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत घालून मुलांना दृक्श्राव्य पाठ मिळवून दिले. त्यांना २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक लाभले. शिकण्याची सामग्री मातृभाषेत आली, की दूरच्या गावातील मुलाचा अडसर दूर होतो, हे या प्रयत्नांवरून दिसते.

कपिलधार व बीड जिल्हा : या प्रश्नांचे ग्रामीण रूप बीड जिल्ह्याच्या उदाहरणाने समजून घेता येईल. बालाघाटच्या डोंगररांगांत, मांजरसुंब्याजवळ असलेले कपिलधार हे वीरशैव संत मन्मथस्वामींच्या समाधीचे स्थान व धबधबा यांसाठी प्रसिद्ध असून कार्तिक पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. मन्मथस्वामींनी परमरहस्य या ग्रंथात वीरशैव तत्त्वविचार मराठीत मांडला. शास्त्र लोकभाषेत आले म्हणजे ते सामान्यांच्या हाती येते, याचे उदाहरण या परिसराला परके नाही.

यात्रेकरूंच्या व गावकऱ्यांच्या हातातील आजचा साधा स्मार्टफोन बीबीसी मायक्रोहून लाखपटीने अधिक स्मृती बाळगतो. २०१६ साली सुरू झालेली यूपीआय देयक पद्धती व त्याच वर्षी स्वस्त झालेली आंतरजाल सेवा यांमुळे भ्रमणध्वनी हेच ग्रामीण महाराष्ट्राचे रोजचे यंत्र झाले. ‘असर’ या संस्थेच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत (२६ राज्यांतील २८ जिल्हे) १४ ते १८ वयोगटातील सु. ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. मात्र तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, तर मुली १९.८ टक्केच होत्या. घरातील सामाईक फोनवर, वडील शेतातून परतल्यानंतर मिळणाऱ्या वेळात छंद जोपासणे कठीण असते. लहान पडद्यावर आज्ञावली लिहिता येते, परंतु ते सोयीचे नाही. तेथे पाहणे सहज घडते व लिहिणे अवघड होते.

याशिवाय बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर जातात व सु. पाच-सहा महिन्यांनी परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरीही अनेक मुलांची शाळा तुटते. या कुटुंबांचा व्यवहार मुकादमाकडून घेतलेली उचल, तोडलेल्या उसाचे टन व प्रतिटन दर यांवर चालतो. उचल किती फिटली व किती बाकी राहिली, हे बहुधा मुकादमाच्या वहीवरून कळते. असा हिशोब ठेवणारी आज्ञावली दहा-पंधरा ओळींची होते आणि दहावीच्या गणिताइतके ज्ञान त्यासाठी पुरते. दुधाच्या पावतीप्रमाणे येथेही नियम समजणे व तो स्वतः चालवून पाहता येणे याला रोकड मोल आहे.

२०२२ च्या अखेरीपासून मराठी वाक्यात मागणी केली असता आज्ञावली लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली सर्वांना उपलब्ध झाल्या आहेत. त्यामुळे इंग्रजीची पायरी पुष्कळ अंशी खाली आली. मिळालेली आज्ञावली बरोबर आहे की नाही, हे मात्र ती वाचता येणाऱ्यासच ठरविता येते. अन्यथा पावतीची जागा दुसरी पावती घेते. शाळा सुटल्यानंतर उघडी राहणारी संगणकाची खोली, चुकू देणारा शिक्षक व मराठीतील वाचनीय साहित्य या तीन गोष्टींची गरज १९८४ मध्ये होती, तशीच ती आजही आहे.